बीड लोकसभा मतदारसंघ : कणीस-विळ्यापासून तुतारीपर्यंत

सिंदफणाकाठ

बीडच्या लोकसभा निवडणुकीविषयी अलीकडे जे काही लिहिले जाते, ते २०२४ च्या ६,५५३ मतांपाशी (भाजपच्या पंकजा मुंडे बजरंग सोनवणे यांच्याकडून तेवढ्याने हरल्या) सुरू होते आणि मराठा-ओबीसी या दोन शब्दांपाशी संपते. तो निकाल महत्त्वाचा आहेच. पण ज्या मतदारसंघाने १९५२ पासून अठरा सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक पाहिली, त्याची ओळख एका निकालावरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी आणि माझे चुकत असेल तिथे दुरुस्तही करावे.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी बीड हैदराबाद राज्यात होते आणि कागदोपत्री त्याचे नाव ‘भीर’ असे लिहिले जाई. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईला जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळे डाव्यांनी ती निवडणूक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट, म्हणजेच पीडीएफ या नावाने लढवली आणि बीडमधून पीडीएफचेच रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. देशभर काँग्रेसची लाट असताना बीडचा पहिला खासदार काँग्रेसचा नव्हता, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते.

१९५७ मध्ये रखमाजी धोंडिबा पाटील आणि १९६२ मध्ये द्वारकादास मंत्री हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. १९५७ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पेटलेला होता आणि मराठवाडा मात्र बराचसा काँग्रेससोबत राहिला होता, एवढे सांगून त्या दहा वर्षांवरून पुढे जातो.

१९६७ ची निवडणूक मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. क्रांतिसिंह नाना पाटील त्या वर्षी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या कणीस-विळा या चिन्हावर बीडमधून खासदार झाले. वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचा हा माणूस. प्रतिसरकारच्या दिवसांत इंग्रजांना न सापडलेला आणि १९५७ मध्ये साताऱ्याकडून लोकसभेत गेलेला. त्याचे बीडमध्ये ना गाव, ना भावकी, ना साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था. वय सदुसष्टच्या घरात. तरीही बीडच्या शेतकऱ्याने आणि मजुराने त्यांना बैलजोडीच्या, म्हणजे काँग्रेसच्या उमेदवाराविरुद्ध निवडून दिले. माझे आजोबा तेव्हा तालुक्याच्या बाजारात त्यांची सभा ऐकायला चालत गेले होते. ते पुढे कधीही कम्युनिस्ट झाले नाहीत, पण ‘तो माणूस आपल्यासारखाच बोलत होता’ हे वाक्य ते शेवटपर्यंत सांगत असत.

१९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या बाजूने वारे असताना काँग्रेसचे सयाजीराव पंडित निवडून आले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे विजयी झाले. त्या वर्षी महाराष्ट्रातून माकपचे तीन खासदार गेले : मुंबईतून अहिल्याताई रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम आणि बीडमधून अप्पा. गिरणी कामगारांची मुंबई आणि वारली आदिवासींचे डहाणू इथे लाल झेंडा का, हे सहज कळते. बीडमध्ये ना गिरणी होती, ना अरण्य. होती ती कोरडवाहू जमीन, बालाघाटाचे खडक आणि कामासाठी घर सोडणारी माणसे.

म्हणजे पहिल्या सहा निवडणुकांपैकी तीन बीडने डाव्यांना दिल्या. त्यानंतर एकही डावा उमेदवार इथून निवडून आला नाही. गरिबी संपली म्हणावे तर तसे झालेले नाही, कारण ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या १९७२ च्या दुष्काळानंतर वाढतच गेली. मग तो मतदार गेला कुठे? माझे मत असे आहे की तो कुठेही गेला नाही. लाल झेंड्याखाली उभा असलेला कष्टकरी पुढे भाजपच्या गोपीनाथराव मुंडे यांच्यामागे उभा राहिला, कारण कारखानदारापुढे आणि तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमापुढे आपली बाजू मांडणारा माणूस त्याला हवा होता.

अंबानगरी

पहिल्या खासदारांविषयी थोडी भर घालतो. त्यांना आमच्याकडे बाबासाहेब परांजपे म्हणत. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्या शाळेभोवती हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले. परांजपे त्याच मंडळींपैकी. स्टेट काँग्रेसमधल्या डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांचा एक गट स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमधून बाहेर पडला होता, आणि पीडीएफकडे पाहताना केवळ कम्युनिस्ट पक्षाचे दुसरे नाव असे न पाहता हा गटही लक्षात घ्यावा. बीडच्या डावेपणाची मुळे तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यापेक्षा या शाळेच्या ओट्यावर अधिक आहेत, असे मला वाटते.

माजलगाव कालवा

सिंदफणाकाठ यांचे लेखन मनापासून आवडले, पण त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तीन डावे विजय एका ओळीत मांडले की त्यात वैचारिक सलगता दिसते, पण ते तीन विजय तीन वेगळ्या कारणांनी मिळाले होते. १९५२ चा विजय हैदराबादच्या विशेष परिस्थितीतला. १९६७ मध्ये काँग्रेसविरोधी पक्ष अनेक ठिकाणी एकत्र आले होते आणि नाना पाटलांचे व्यक्तिमत्त्व पक्षापेक्षा फार मोठे होते. १९७७ चा तर प्रश्नच नाही. आणीबाणीनंतर मराठवाड्यात औरंगाबादहून बापू काळदाते, नांदेडहून केशवराव धोंडगे आणि लातूरहून उद्धवराव पाटील असे बहुतेक ठिकाणी विरोधकच निवडून आले. बीडची जागा समझोत्यात माकपकडे होती, म्हणून तिथे माकप जिंकला. तीच जागा शेतकरी कामगार पक्षाकडे किंवा जनता पक्षाकडे असती तर त्यांचा उमेदवार जिंकला असता.

दुसरे असे की, जातीचे गणित या मतदारसंघात २०२४ मध्ये अचानक आले नाही. १९८९ मध्ये जनता दलाच्या चक्रावर बबनराव ढाकणे निवडून आले आणि पुढे चंद्रशेखर सरकारात मंत्री झाले. ढाकणे पाथर्डीचे, म्हणजे नगर जिल्ह्याचे. त्यांना बीड परके कसे वाटले नाही, याचे उत्तर भगवानगडात आहे. गड पाथर्डी तालुक्यात, भगवानबाबांचे जन्मगाव सावरगाव घाट पाटोदा तालुक्यात, आणि दसऱ्याला दोन्हीकडची माणसे एकाच वाटेने चालत येणार. जिल्ह्याची हद्द सरकारी नकाशावर आहे, वंजारी समाजाच्या सोयरिकीत ती कधीच नव्हती. मुंडेसाहेबांना पुढे जो पाठिंबा मिळाला, त्याची चुणूक १९८९ मध्येच दिसली होती.

बालाघाट

मी सत्तावीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मला मतदान केंद्रावर काम मिळाले. वरील दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांनी एक साधी गोष्ट विचारात घेतलेली नाही, ती म्हणजे निवडणूक कोणत्या महिन्यात झाली.

ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन टोळीबरोबर निघतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततो. आता निवडणुकांचे महिने पाहावेत. १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही निवडणुका हिवाळ्यात किंवा हिवाळा सरताना झाल्या. १९६७ ची फेब्रुवारीत, १९७१ आणि १९७७ च्या मार्चमध्ये, १९८० ची जानेवारीत, १९८४ ची डिसेंबरमध्ये आणि १९८९ ची नोव्हेंबरमध्ये. म्हणजे पहिल्या नऊच्या नऊ निवडणुका गळिताच्या हंगामात झाल्या. त्यानंतरच्या नऊ पाहा. १९९१ ची जूनमध्ये, १९९६ ची एप्रिल-मेमध्ये, १९९९ ची सप्टेंबरमध्ये आणि २००४ पासूनच्या सर्व एप्रिल-मेमध्ये. एकटी १९९८ ची फेब्रुवारीत झाली. २०१४ ची पोटनिवडणूक १५ ऑक्टोबरला, म्हणजे टोळ्या निघायच्या आधी.

याचा अर्थ असा की १९८९ पर्यंत ज्या माणसाच्या नावाने बीडची ओळख सांगितली जाते, तो मतदानाच्या दिवशी सांगली-कोल्हापूरच्या किंवा नगरच्या उसाच्या फडात होता. गावात उरत ती म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी मुले. नाना पाटलांना निवडून देणारा कष्टकरी हा मुख्यतः गावात राहणारा लहान शेतकरी आणि शेतमजूर असणार. ऊसतोड कामगाराचे मत खऱ्या अर्थाने पेटीत पडू लागले ते १९९१ नंतर. त्यामुळे ‘लाल झेंड्याखालचा मतदार मुंड्यांकडे गेला’ यापेक्षा ‘पूर्वी मतदानाला हजर नसलेला मतदार हजर राहू लागला’ असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये मी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या केंद्रावर होतो. विधानसभा आणि लोकसभा अशी दोन यंत्रे शेजारी ठेवलेली होती आणि दोनदा बटण का दाबायचे, हे प्रत्येकाला समजावून सांगावे लागत होते. सकाळीच एका मुकादमाची अख्खी टोळी जोडीजोडीने रांगेत उभी राहिली. शाई लावणारा माझा सहकारी गोंधळला, कारण एका बाईचे डाव्या तर्जनीचे नख कोयत्याने इतके चिरलेले होते की शाई कुठे लावावी, हे त्याला कळेना. शेवटी नखाखालच्या कातडीवर रेघ ओढली. ती बाई म्हणाली, ‘सायेब, गेल्या टायमाला बी असंच केलं हुतं.’ गेल्या टायमाला म्हणजे सहाच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये. एका वर्षात लोकसभेसाठी दोनदा मत देणारी ती बाई त्याआधी लग्नानंतरची कितीतरी वर्षे थंडीतल्या मतदानाला गावात नव्हती.

माजलगाव कालवा

गुरुजी, हा मुद्दा मी कधीही या अंगाने पाहिला नव्हता. तरीही शंका विचारतो. १९९१ मध्ये कामगार घरी असताना काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर निवडून आल्या आणि १९९८ मध्ये कामगार फडात असताना भाजपचे जयसिंगराव गायकवाड. आपल्या मांडणीत हे दोन्ही निकाल उलटे पडतात.

बालाघाट

शंका रास्त आहे आणि ते दोन्ही निकाल मी लपवू इच्छित नाही. महिना हा मतदाराचे वजन सांगतो, त्याची निवड सांगत नाही. १९९१ मध्ये मुंडेसाहेब रेणापूरचे आमदार होते, पण त्यांच्या पक्षाची जिल्हाभर बांधणी अजून झालेली नव्हती. १९९५ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले आणि लगेच १९९६ मध्ये भाजपने बीडची जागा पहिल्यांदा जिंकली. १९९८ पर्यंत ती बांधणी एवढी पक्की झाली होती की गावात राहिलेल्यांच्या मतांवरही उमेदवार निघाला. १९८९ चा ढाकणे यांचा विजयही हंगामातलाच, हे मीच माझ्याविरुद्ध सांगतो.

कपिलधार

या धाग्यावर आतापर्यंत काकूंचा उल्लेख ओझरता झाला, याचे मला वाईट वाटले. केशरकाकू १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन वेळा इथून लोकसभेत गेल्या. १९९६ मध्ये भाजपच्या रजनीताई पाटील, पुढे २०१४ च्या पोटनिवडणुकीत आणि २०१९ मध्ये डॉ. प्रीतम मुंडे. एकोणीसपैकी सहा वेळा बीडने बाईला निवडून दिले. २०२४ मध्ये हरल्या त्याही पंकजाताईच होत्या. घराण्याचा आधार यातल्या बहुतेकींना होता, हे मान्यच आहे. पण घराण्यातून आलेल्या पुरुष उमेदवारांकडे आपण तेवढ्याच बारकाईने पाहत नाही.

मला टोचते ते वेगळेच. त्याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या आणि राज्यात तो आकडा सर्वांत खालचा होता. तोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून करावी लागली. माझी मावशी चौदा हंगाम तोडीला गेली. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून तिनेही तिशीतच शस्त्रक्रिया करून घेतली. तिने काकूंना मत दिले होते आणि ताईंनाही दिले. ‘बाई बाईचं बघंल’ एवढाच तिचा हिशेब होता. निवडणुकीच्या इतिहासात हा हिशेबही नोंदवला जावा, असे मला मनापासून वाटते.

सिंदफणाकाठ

बालाघाट गुरुजींचा महिन्यांचा मुद्दा वाचून मी रात्री सगळ्या निवडणुका पुन्हा मांडून पाहिल्या. माझे मूळ विधान मी मागे घेतो. कपिलधारताईंनी लिहिले तेही माझ्या पहिल्या लेखनात यायला हवे होते. आता अलीकडच्या पंचवीस वर्षांविषयी लिहितो.

जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ मध्ये भाजपकडून आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आले. पक्ष बदलून लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकणारा दुसरा खासदार बीडने पाहिलेला नाही. २००९ मध्ये, मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, स्वतः मुंडेसाहेब लोकसभेला उभे राहिले. त्या पुनर्रचनेत चौसाळा आणि रेणापूर हे विधानसभेचे जुने मतदारसंघ संपले आणि परळी नव्याने झाला. आजचे सहा म्हणजे गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी.

२००९ मध्ये साहेब रमेश आडसकर यांच्याविरुद्ध सुमारे १ लाख ४० हजार मतांनी जिंकले. २०१४ मध्ये देशात मोदी लाट होती, युतीला राज्यात ४८ पैकी ४२ जागा मिळाल्या, आणि तरीही सुरेश धस यांच्याविरुद्ध साहेबांचे मताधिक्य १,३६,४५४ म्हणजे आधीपेक्षा थोडे कमीच राहिले. लाटेतही बीडचे मतदान स्वतःच्या हिशेबाने झाले, हे त्यातून दिसते. २६ मे रोजी ते केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले आणि ३ जूनला दिल्लीतल्या अपघातात गेले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही. प्रीतमताईंना ९,२२,४१६ आणि काँग्रेसचे अशोकराव पाटील यांना २,२६,०९५ मते पडली. ६,९६,३२१ हे मताधिक्य तेव्हा देशातला विक्रम ठरले आणि २०२४ पर्यंत तो टिकला. त्या आकड्यात राजकारणापेक्षा शोक अधिक होता, असे मी मानतो.

२०१९ मध्ये प्रीतमताई बजरंग सोनवणे यांच्याविरुद्ध १,६८,३६८ मतांनी जिंकल्या, तेव्हा त्यांचे चुलतभाऊ धनंजय मुंडे विरोधी बाजूला होते. २०२४ मध्ये ते पंकजाताईंच्या बाजूने प्रचारात होते. घरातली दोन्ही माणसे एकत्र आली आणि नेमकी तीच निवडणूक हातची गेली. मराठा आरक्षण आंदोलनाचे मनोज जरांगे यांचे मूळ गाव बीड जिल्ह्यातले मातोरी. त्यांच्या उपोषणाचे गाव अंतरवाली सराटी जालन्यात असले तरी आंदोलनाची धग सर्वाधिक इथे होती. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, त्यामुळे हा निकाल एकट्या बीडचा नाही. फरक एवढाच की अन्य ठिकाणी तो दुपारीच कळला आणि इथे रात्रीपर्यंत कळेना.

४ जूनला माझे वडील दूरदर्शन संचासमोर सकाळी आठ वाजल्यापासून बसले होते. मे महिन्याच्या कालनिर्णयचे पान फाडून त्याच्या पाठीवर त्यांनी दोन रकाने आखले होते आणि प्रत्येक फेरीची आघाडी ते लिहीत होते. आघाडी एकदा इकडे, एकदा तिकडे. संध्याकाळनंतर पेन बदलल्यामुळे निळी अक्षरे काळी झाली आहेत. रात्री फेरमोजणीच्या मागणीची बातमी आली, तेव्हा त्यांनी मधेच एक आडवी रेघ मारली आणि खाली फक्त वेळ लिहिली. शेवटची ओळ सोनवणे ६,८३,९५० आणि पंकजाताई ६,७७,३९७ अशी आहे. वडिलांनी कुणाला मत दिले होते, ते त्यांनी आजवर सांगितलेले नाही.

गेवराईकर

त्या निवडणुकीतली आणखी एक गोष्ट नोंदवावी. सोनवणे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि एका अपक्षाला ‘ट्रम्पेट’ हे चिन्ह मिळाले होते, ज्याचे मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असेच छापलेले होते. त्या अपक्षाला पन्नास हजारांहून अधिक मते मिळाली. निकाल साडेसहा हजारांचा असताना हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्यातली काही मते समजूनउमजून दिलेली असतीलही, पण आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंनी बाहेर आल्यावर ‘तुतारीचं बटण दाबलं’ असे सांगितले, आणि माणूस होता का नुसती तुतारी होती, असे विचारल्यावर त्या गप्प झाल्या.

अंबानगरी

रेल्वेचा उल्लेख राहिला. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, आणि त्यानंतर लोकसभेच्या एकाही निवडणुकीत त्याचे आश्वासन चुकले नाही. नगरहून बीडपर्यंत प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी. मंजुरीपासून या गाडीपर्यंत बीडने पाच खासदार पाहिले आणि सहावा निवडून आल्यावर ती आली. परळीपर्यंतचे काम अजून बाकी आहे.

बालाघाट

सिंदफणाकाठ, आपल्या वडिलांचे ते पान जपून ठेवावे. दुसरी विनंती अशी की आपल्या तालुक्यातल्या १९७७ पूर्वीच्या मतदार याद्या कुणाच्या घरी, ग्रामपंचायतीच्या कपाटात किंवा जुन्या कार्यकर्त्याच्या ट्रंकेत असतील तर शोधाव्यात. माझ्याकडे १९८० ची एका वाडीची यादी आहे. तिच्यात मतदान केलेल्या नावांपुढे त्या वेळच्या कार्यकर्त्याने पेन्सिलीने खूण केली आहे. ज्यांच्यापुढे खूण नाही, त्यातली बरीच नावे जोडीची आहेत, नवरा आणि त्याच्याखाली बायको. अशा आणखी चार-पाच याद्या मिळाल्या तर माझा अंदाज खरा की खोटा, हे पडताळून पाहता येईल.